चमत्काराची नियमावली

७ मे २००० रोजी पॅरिसच्या वेशीवरच्या स्टाड द फ्रान्समध्ये फ्रेंच चषकाची अंतिम लढत संपली आणि चषक एकाच वेळी दोन कर्णधारांच्या हातांत दिसला. जिंकलेल्या नाँतचा कर्णधार होता गोलरक्षक मिकाएल लांद्रो, वय वर्षं वीस. बक्षीस घेताना त्याने हरलेल्या संघाच्या कर्णधाराला, रेजिनाल्ड बेकला, शेजारी बोलावलं आणि दोघांनी मिळून करंडक उंचावला. बेकचा संघ होता कॅले. फ्रेंच फुटबॉलच्या उतरंडीतल्या चौथ्या पायरीवरचा, हौशी गटात मोडणारा. त्यात कुणी कारकून, कुणी शिक्षक, कुणी दुकान सांभाळणारा, कुणी गोदीत राबणारा. ३४ व्या मिनिटाला जेरोम द्युतित्रने गोल केला आणि मध्यंतराला हा संघ १-० ने पुढे होता. ५० व्या मिनिटाला आंत्वान सिबियर्स्कीने बरोबरी साधली. आता जादा वेळ होणार असं वाटत असतानाच नाँतचा आलँ कावेग्लिया पेनल्टी क्षेत्रात पडला, पंचांनी पेनल्टी दिली आणि सिबियर्स्कीने ९० व्या मिनिटाला २-१ असा निकाल लावला. ती पेनल्टी होती की नव्हती, याचा वाद फ्रान्समध्ये पुढे बरीच वर्षं चालला. त्या दिवशी मैदानात सुमारे ७८ हजार प्रेक्षक होते. १९९९ च्या जनगणनेत कॅले शहराची लोकसंख्या भरली होती सुमारे ७७ हजार. म्हणजे अख्खं गाव पॅरिसला येऊन बसलं असतं, तरी काही खुर्च्या उरल्या असत्या.

या हंगामाचं वर्णन करताना एकच शब्द सगळ्यांच्या तोंडी असतो: चमत्कार. शब्द गोड आहे, ऐकायला बरा वाटतो, आणि विचार तिथेच थांबवतो. चमत्कार म्हटलं की कारणं शोधायची गरज उरत नाही. देवाची करणी म्हणून हात जोडले की झालं. माझं म्हणणं वेगळं आहे. कॅलेच्या खेळाडूंनी जे केलं ते त्यांच्या पायांनी, फुप्फुसांनी आणि छातीठोकपणे केलं, यात शंका नाही. पण त्यांना ते करता यावं अशी जागा फ्रेंच फुटबॉल महासंघाच्या नियमावलीने आधीच करून ठेवलेली होती. स्पर्धेत कुणाला घ्यायचं, सामना कुणाच्या मैदानावर, एकदा खेळायचं की दोनदा, सोडत कशी काढायची, हे कागदावरचे कोरडे निर्णय आहेत. लहान संघाने मोठ्याला हरवण्याच्या ज्या गोष्टी आपण डोळे पाणावून सांगतो, त्यांचा बराचसा मजकूर या कोरड्या कलमांत दडलेला असतो. कलमं बदला, गोष्टी आटतात. कलमं पुन्हा नीट लिहा, गोष्टी परत येतात. हे सिद्ध करायला प्रयोगशाळा लागत नाही. त्याच १९९९-२००० च्या हंगामात युरोपातल्या इतर चषकांचं काय झालं, आणि नंतर कुणी कोणता नियम बदलल्यावर काय घडलं, एवढं पाहिलं तरी पुरतं.

आधी कॅलेचा रस्ता पाहू, कारण लोकांना फक्त शेवटचा टप्पा आठवतो. कॅले म्हणजे इंग्लिश खाडीच्या अरुंद टोकावरचं बंदर. हवा स्वच्छ असली की पलीकडचे इंग्लंडचे पांढरे कडे दिसतात. १३४७ मध्ये अकरा महिन्यांच्या वेढ्यानंतर इथल्या सहा नागरिकांनी गळ्यात दोर अडकवून, हातात शहराच्या किल्ल्या घेऊन इंग्लंडच्या तिसऱ्या एडवर्डपुढे जायचं ठरवलं, आणि रोदँने त्यांचं शिल्प केलं. आजही ते नगरपालिकेसमोर उभं आहे. विसाव्या शतकाच्या शेवटी शहराच्या अंगावर संकटांचा वेढा निराळा होता. ज्या लेसच्या कापडावर गावाने नाव कमावलं तो धंदा आटत चालला होता. जून १९९९ च्या अखेरीला युरोपीय संघातल्या देशांमधली करमुक्त विक्री बंद झाली आणि बोटींवरच्या स्वस्त दारू-सिगारेटवर चालणाऱ्या वाहतुकीला फटका बसला. त्याच सप्टेंबरमध्ये शेजारच्या सांगातला निर्वासितांसाठी रेड क्रॉसची छावणी उघडली. अशा गावाचा संघ आधी भागातल्याच संघांशी भिडत वर सरकला, बेत्युनला आणि मग डंकर्कला हरवून अखेरच्या ६४ संघांत आला. तिथे गाठ पडली लीलशी. वहीद हालिलहोजिचच्या हाताखालचा हा संघ तेव्हा दुसऱ्या विभागात आघाडीवर होता आणि त्याच मोसमाअखेर पहिल्या विभागात गेला. सामना १-१ सुटला, पेनल्टी शूटआउट ७-६ असा कॅलेने जिंकला. मग लाँगाँ-कास्ते हा दुसरा हौशी संघ, ३-०. मग दुसऱ्या विभागातला कान, पुन्हा १-१, पुन्हा पेनल्ट्या, गोलरक्षक सेद्रिक शिलच्या भरवशावर ४-१. उपांत्यपूर्व फेरीत पहिल्या विभागातला स्ट्रासबुर्ग २-१ असा हरला. आणि १२ एप्रिलला उपांत्य फेरीत समोर उभं ठाकलं बोर्दो, आदल्या वर्षीचं राष्ट्रीय विजेतं, ज्याच्या चमूतला सिल्वँ विल्टोर तीन महिन्यांनी युरो स्पर्धेच्या अंतिम सामन्यात फ्रान्ससाठी गोल करणार होता. नव्वद मिनिटं गोलशून्य. जादा वेळात जांदोने कॅलेला पुढे नेलं, लासलांदने बरोबरी केली, आणि उरलेल्या मिनिटांत मियाँ आणि जेरार यांनी ३-१ केलं. प्रशिक्षक होता लाडिस्लास लोझानो, स्पॅनिश वंशाचा, तोवर भागाबाहेर फारसं कुणाला माहीत नसलेला.

आता या रस्त्यावरचे टोलनाके कुणी आणि कसे बांधले ते पाहू. फ्रेंच चषक १९१७-१८ मध्ये, म्हणजे पहिलं महायुद्ध चालू असताना सुरू झाला, आणि १९१५ मध्ये आघाडीवर मारल्या गेलेल्या शार्ल सिमाँ या फुटबॉल संघटकाचं नाव त्याला दिलं गेलं. पहिल्या वर्षी ४८ संघ होते. ऑलिंपिक द पाँतँने एफसी ल्याँला ३-० हरवून तो जिंकला. सुरुवातीपासूनचं तत्त्व एकच: फ्रान्सच्या महासंघात नोंदलेला क्लब असला की दार उघडं. अलीकडच्या काळात सात हजारांहून जास्त क्लब एका हंगामात नाव नोंदवतात. त्यांत खेड्यातले आहेत, कारखान्यांचे आहेत, आणि रेयुनियाँ, फ्रेंच गयाना, ताहिती अशा समुद्रापारच्या प्रदेशांतलेही आहेत. १९८९ मध्ये गयानातल्या कुरूचा झेल्दार संघ अखेरच्या ३२ पर्यंत पोहोचला होता, आणि २०२० मध्ये रेयुनियाँच्या सँ-पियरने न्योर या व्यावसायिक संघाला त्याच्या मैदानावर हरवून तीच मजल मारली. पहिल्या विभागातले बलाढ्य संघ अखेरच्या ६४ मध्ये उतरतात, त्याआधीच्या फेऱ्या धाकट्यांच्या. पुढच्या फेऱ्यांची सोडत मानांकनाशिवाय निघते, त्यामुळे दोन मोठे संघ लवकर एकमेकांचा काटा काढू शकतात. प्रतिस्पर्धी दोन किंवा अधिक पायऱ्या खालचा असेल तर यजमानपद त्याचं, चिठ्ठी कुणाचीही आधी निघो. आणि निकाल एकाच सामन्यात. १९७० आणि १९८० च्या दशकांत अनेक हंगाम काही फेऱ्या घर आणि परघर अशा दोन सामन्यांच्या असायच्या. पुढे ती पद्धत गेली. स्पर्धेत उरलेल्या सगळ्यांत लहान संघासाठी फ्रेंच पत्रकारांचं एक लाडकं नाव आहे, ‘पती पुसे’, शार्ल पेरोच्या परीकथेतला अंगठ्याएवढा मुलगा. गोष्टीतल्या त्या पोराला जंगलातून वाट सापडते ती आधी टाकून ठेवलेल्या खड्यांमुळे. चषकातल्या पोराचे खडे नियमांनी टाकलेले असतात.

साधा हिशेब करून पाहा. समजा चौथ्या पायरीवरचा चांगला संघ व्यावसायिक संघाविरुद्ध चारांतून एकदा बाजी मारू शकतो. कॅलेने लील, कान, स्ट्रासबुर्ग आणि बोर्दो अशा चार व्यावसायिक संघांना काढलं. हे एकामागून एक जमण्याची शक्यता २५६ त एक. कठीण आहे, पण अशक्य नाही. आणि दरवर्षी असे कित्येक संघ रांगेत उभे असतील तर काही दशकांत कुणाचा तरी नंबर लागणारच. आता हाच संघ प्रत्येक फेरीत दोन सामने खेळतो असं धरा, आणि त्याला दोन्ही जिंकायचे आहेत असं माना. मग एकेका फेरीची शक्यता सोळांत एकवर येते आणि चार फेऱ्यांची ६५ हजारांत एकवर. गोलांच्या बेरजेचं प्रत्यक्ष गणित इतकं कडक नसतं, पण ओढ त्याच दिशेची असते. मोठ्या संघाला चूक सुधारायला दुसरी संधी मिळते, आणि खेळात दुसरी संधी नेहमी श्रीमंताच्या कामी येते, कारण त्याच्याकडे बाकावर बसलेले अकरा जणही तितकेच तयार असतात. उलट बाजूला, प्रवेशाचं दार लहान केलं तर रांगच लहान होते आणि २५६ त एकची वाट पाहायला पिढ्या जातात. म्हणजे प्रवेश, यजमानपद, एकच सामना आणि मानांकनाविना सोडत या चार कलमांचा गुणाकार म्हणजे ज्याला आपण नशीब म्हणतो ते.

त्याच हंगामात शेजारी काय चाललं होतं? इंग्लंडमध्ये जगातली सगळ्यांत जुनी चषक स्पर्धा, एफए कप. गतविजेता मँचेस्टर युनायटेड. जानेवारी २००० मध्ये ब्राझीलमध्ये क्लबांची जागतिक स्पर्धा होती, आणि २००६ चा विश्वचषक इंग्लंडला मिळावा या खटपटीत असलेल्या महासंघाला युनायटेडने तिथे जावं असं वाटत होतं. मग गतविजेत्याने चषकातून चक्क माघार घेतली. रिकामी जागा भरायला आधीच हरलेल्या संघांतून चिठ्ठी काढली गेली आणि गिलिंगहॅमकडून हरलेल्या डार्लिंग्टनला तिसऱ्या फेरीत परत बसवलं. ही फेरीही रिवाजाप्रमाणे जानेवारीत न होता डिसेंबरमध्ये ओढली गेली. डार्लिंग्टन ॲस्टन व्हिलाकडून पुन्हा हरला, युनायटेड ब्राझीलमध्ये गटातच गारद झाला, आणि २००६ चा विश्वचषक जर्मनीने नेला. स्पेनमध्ये तर कळसच. कोपा देल रेच्या उपांत्य फेरीच्या पहिल्या सामन्यात बार्सिलोना ॲटलेटिको माद्रिदकडून ३-० हरलं होतं. परतीच्या सामन्याच्या वेळी अनेक खेळाडू आपापल्या देशांच्या संघांकडे गेलेले. २५ एप्रिलला स्वतःच्याच मैदानावर बार्सिलोनाने खेळायला नकार दिला. ॲटलेटिको न खेळता अंतिम फेरीत गेलं आणि तिथे एस्पान्योलकडून हरलं. एका देशात गतविजेता खेळायलाच येत नाही, दुसऱ्यात बलाढ्य क्लब परतीचा सामना झटकून टाकतो, आणि मधल्या फ्रान्समध्ये चौथ्या पायरीवरचा संघ राष्ट्रीय विजेत्याला हरवतो. तीनही देशांत फुटबॉलचं वेड सारखंच. फरक होता तो चषकाला कोणत्या कलमांत बांधलंय याचा, आणि वरिष्ठांनी त्याच्या वेळापत्रकाची किती पत्रास ठेवली याचा.

एका हंगामावरून सिद्धांत बांधू नये हे मान्य. म्हणून पुढच्या काळाकडे बघू. स्पेनने २०१९-२० मध्ये नियम बदलले. सुरुवातीच्या फेऱ्यांपासून उपांत्यपूर्व फेरीपर्यंत एकच सामना, आणि पायऱ्या वेगळ्या असतील तर यजमानपद खालच्या संघाचं. पहिल्याच वर्षी ६ फेब्रुवारी २०२० ला एकाच दिवशी रेआल माद्रिद रेआल सोसिएदादकडून ३-४ आणि बार्सिलोना ॲथलेटिक बिल्बाओकडून ०-१ असे बाहेर पडले. दुसऱ्या विभागातल्या मिरांदेसने उपांत्य फेरी गाठली. पुढच्या जानेवारीत तिसऱ्या पायरीवरच्या अल्कोयानोने आपल्या गावच्या मैदानावर जादा वेळात रेआल माद्रिदला २-१ हरवलं. जर्मनीत पहिल्या फेरीत हौशी गटातल्या संघांना घरचं मैदान मिळतं, निकाल नेहमी एकाच सामन्यात. तिथे २०२० मध्ये सारब्रुकेन हा चौथ्या पायरीवरचा संघ उपांत्य फेरीत गेला, आणि २०२५ मध्ये तिसऱ्या पायरीवरच्या बीलेफेल्डने गतविजेत्या लेव्हरकुसेनला हरवून अंतिम फेरी गाठली. आता उलट दिशेचं उदाहरण. इटलीने २०२१-२२ पासून आपला चषक ४४ संघांपुरता आवळला, त्यात पहिल्या दोन विभागांचे चाळीस आणि तिसऱ्याचे फक्त चार. अव्वल आठ थेट अखेरच्या सोळांत, तेही घरच्या मैदानावर. त्याआधी, रांग लांब असताना, २०१६ मध्ये तिसऱ्या पायरीवरच्या अलेस्सांद्रियाने उपांत्य फेरी गाठून मिलानशी दोन हात केले होते. तसा रस्ता आज कागदावरच जवळजवळ मिटला आहे.

इथे एक सच्ची अडचण आहे आणि ती टाळणं बरं नाही. स्पेनमधल्या जुन्या पद्धतीतही, दोन सामन्यांच्या काळात, २०१२ मध्ये मिरांदेस तिसऱ्या पायरीवर असताना उपांत्य फेरीत पोहोचलाच होता. आणि २००९ मध्ये अल्कोर्कोनने रेआल माद्रिदला पहिल्या सामन्यात ४-० ठोकून परतीच्या सामन्यात फक्त एक गोल देऊन बाहेर काढलं होतं. मग नियमांची मातब्बरी ती काय? उत्तर असं की नियम शक्यता ठरवतात, निकाल ठरवत नाहीत. पावसाळ्यात धरण भरण्याची शक्यता जास्त. म्हणून उन्हाळ्यात कधीच पाऊस पडत नाही असं कुणी म्हणत नाही. अल्कोर्कोनचा निकाल लोकांना दहा वर्षांनीही आठवतो, तो तसे निकाल विरळ असल्यामुळेच. नव्या पद्धतीत असे निकाल वर्षाआड येऊ लागले आहेत, आणि माझा दावा इतकाच आहे.

दुसरा आक्षेप तत्त्वाचा, आणि तो हुशार माणसं घेतात. एकाच सामन्यात, तेही पेनल्ट्यांवर, निकाल लावायचा म्हणजे नाणेफेक झाली. खरा श्रेष्ठ संघ ठरवायचा असेल तर साखळी आहे, अडतीस सामने आहेत. कॅलेने दोन फेऱ्या पेनल्ट्यांवर काढल्या हे खरंच. पण या आक्षेपात एक गृहीतक लपलंय: प्रत्येक स्पर्धेचं काम एकच, सर्वश्रेष्ठ शोधून काढणं. साखळी ते काम चोख करते, आणि म्हणूनच चषकाने ते पुन्हा करण्यात अर्थ नाही. एका घरात दोन घड्याळं असावीत, पण दोन्ही एकाच खोलीत कशाला? चषकाचं काम वेगळं आहे. ज्यांची गाठ साखळीत आयुष्यात पडणार नाही अशांना समोरासमोर आणणं, आणि त्या दिवशी कोण चांगलं खेळलं एवढंच विचारणं. त्या प्रश्नाला नव्वद मिनिटं पुरतात. शिवाय नशिबाचा वाटा म्हणताना आपण फक्त लहान संघाचं नशीब मोजतो. त्याच नाँतने १९९९ चा चषक सदाँविरुद्ध एका वादग्रस्त पेनल्टीवर जिंकला होता, आणि २००० चाही तसाच राखला. त्याला कुणी चमत्कार म्हटलं नाही.

तिसरा आक्षेप कॅलेच्या हौशीपणावरचा. हे काही संध्याकाळी चौकात खेळणारे लोक नव्हते, ठरलेला सराव करणारा, राष्ट्रीय पातळीवरच्या हौशी गटात खेळणारा संघ होता. मोठ्या क्लबांनी मात्र चषक मनावर घेतला नाही. म्हणजे पर्वत आणि मुंगी ही प्रतिमा दोन्ही बाजूंनी फुगवलेली. पहिला भाग मला मान्य आहे, आणि तो माझ्या बाजूने बोलतो. फ्रान्समधली प्रशिक्षण केंद्रं दरवर्षी जितकी मुलं घडवतात त्यांतल्या थोड्यांनाच करार मिळतो. बाकीची नोकरी धरतात आणि तिसऱ्या-चौथ्या पायरीवर खेळत राहतात. पगारातलं अंतर शंभर पटींचं असेल. एका संध्याकाळच्या खेळातलं अंतर तितकं नसतं. उघडा चषक हे अंतर मोजून दाखवतो, बंद चषक ते आहे तसं गृहीत धरतो. दुसऱ्या भागाला मात्र पुरावा उलटा आहे. उपांत्य फेरीत नव्वद मिनिटं गोलशून्य झाल्यावर, ०-१ वरून बरोबरी साधणारं बोर्दो बेफिकीर नव्हतं. आणि नाँतला तर त्या मोसमात साखळीतून खाली घसरण्याची भीती होती, ती टांगती तलवार शेवटच्या सामन्यापर्यंत होती. तरी अंतिम सामना त्यांनी शेवटच्या मिनिटापर्यंत झगडून जिंकला. पुढच्याच वर्षी हाच संघ रेनाल्ड दनुएच्या हाताखाली देशाचा साखळी विजेता झाला. कॅलेला हरवणारे कोण होते हे त्यावरून कळावं. आणि वरच्या-खालच्या वर्गांतला फरक तेव्हा किती पुसट होता याचा आणखी एक दाखला त्याच एप्रिलमधला. कॅलेने बोर्दोला हरवल्यानंतर दहाच दिवसांनी दुसऱ्या विभागातल्या गन्योंने, पोलादाच्या एका छोट्या गावाच्या संघाने, फक्त व्यावसायिकांसाठी असलेल्या लीग चषकाच्या अंतिम सामन्यात पॅरिस सँ-जेरमँला २-० असं हरवलं.

चौथा आक्षेप पैशाचा आहे आणि मला तो सगळ्यांत वजनदार वाटतो. इंग्लंडच्या एफए कपमध्ये बरोबरी झाली की सामना पुन्हा दुसऱ्याच्या मैदानावर व्हायचा. २००५ मध्ये साखळीबाहेर घसरलेल्या, कर्जात बुडालेल्या एक्झेटर सिटीने ओल्ड ट्रॅफर्डवर मँचेस्टर युनायटेडला ०-० रोखलं, आणि दोन सामन्यांच्या उत्पन्नातून क्लब सावरायला मोठा हात लागला. २०२४-२५ पासून मुख्य फेऱ्यांतले हे पुनर्सामने बंद झाले तेव्हा खालच्या क्लबांनी आरडाओरड केली ती उगाच नव्हे. मग एकाच सामन्याचं समर्थन म्हणजे धाकट्यांच्या पोटावर पाय नाही का? इथे दोन गोष्टी वेगळ्या करायला हव्यात. पुनर्सामना लहान संघाच्या तिजोरीला मदत करतो, पण मैदानावर मोठ्यालाच दुसरा श्वास देतो. तिजोरीची काळजी करायची तर तिकिटांच्या आणि प्रक्षेपणाच्या पैशाची वाटणी नीट लिहा. त्यासाठी खेळाची संधी गहाण ठेवायचं कारण नाही. इंग्लंडची खरी चूक अशी की त्याने पुनर्सामना काढला पण बदल्यात धाकट्याला घरचं मैदान दिलं नाही. सवलत काढून घेतली, भरपाई विसरले. यजमानपदाशिवाय एकच सामना म्हणजे अर्धं कलम.

आणि घरचं मैदान म्हणजे गावातलं मैदानच असं नाही, हेही कॅलेने दाखवलं. मोठ्या लढतींना त्याचं स्वतःचं मैदान अपुरं होतं, म्हणून स्ट्रासबुर्ग आणि बोर्दो या दोघांशी सामने शंभरेक किलोमीटरवरच्या लाँसला बोलायर मैदानावर झाले. एरवी शेजारच्या खाणकामगारांच्या संघाचं हे मैदान त्या दोन रात्री कॅलेचं झालं. उत्तर फ्रान्सचा अख्खा पट्टा, बंद पडलेल्या कोळसाखाणींचा, आजारी गिरण्यांचा, एका संघामागे उभा राहिला. पाहुण्यांना परक्या मुलखात जावं लागलं, आणि तेही नियमाने. कुणाच्या मेहरबानीने नव्हे.

शेवटचा आक्षेप सगळ्यांत कडू. अखेर जिंकलं कोण? नाँतच. आणि कॅलेला मिळालं काय? २००६ मध्ये तो पुन्हा उपांत्यपूर्व फेरीत पोहोचला, तिथेही नाँतकडूनच ०-१ हरला. २००८ मध्ये शहरात बारा हजार प्रेक्षकांचं नवं मैदान उभं राहिलं, नाव ठेवलं ‘स्टाड द लेपोपे’, म्हणजे त्या महागाथेचं मैदान. पण क्लबचा आर्थिक डोलारा कोसळत गेला, आणि सप्टेंबर २०१७ मध्ये न्यायालयाने तो गुंडाळला. गाथेचं मैदान राहिलं, गाथा घडवणारा क्लब उरला नाही. २०१८ मध्ये अंतिम फेरीत पॅरिसशी २-० हरलेला लेझेर्बिये तर त्याच मोसमात तिसऱ्या पायरीवरूनही खाली घसरला. हा आक्षेप खोडायचा नाही, त्याची हद्द तेवढी ठरवायची. चषक क्लबला जगवत नाही. जगवतात ते हिशेब, भाडं, पालिकेचं अनुदान, शहाणे पदाधिकारी. २००० च्या उन्हाळ्यात कॅलेवर आलेला प्रकाश पुढच्या सतरा वर्षांची दिवाबत्ती करील ही अपेक्षाच चुकीची होती. जत्रेत पहिल्या आलेल्या बैलजोडीने शेत नांगरून द्यावं असं आपण म्हणत नाही. नियमांनी एक दार उघडं ठेवलं होतं, कॅले त्यातून गेला. पलीकडे घर बांधणं हे दुसऱ्यांचं काम होतं आणि ते झालं नाही. त्यावरून दार बंद करावं असा निष्कर्ष कुणी काढणार असेल, तर त्याने दाराला घर समजल्याची चूक केली.

उलट दार उघडं राहिल्याचा पुरावा क्लब गेल्यानंतरच मिळाला. २००० च्या फेब्रुवारीत कॅलेने ज्या कानला पेनल्ट्यांवर हरवलं, तो कान त्या वेळी दुसऱ्या विभागातला व्यावसायिक संघ होता. झिनेदिन झिदानने व्यावसायिक कारकीर्द सुरू केली ती याच क्लबात. पुढे कानचीही घसरगुंडी झाली, तो कर्जात अडकला, खालच्या पायऱ्यांवर गेला आणि तिथून हळूहळू वर चढत राहिला. २०२४-२५ च्या हंगामात कान चौथ्या पायरीवर होता, कॅले होता तिथेच. त्या वर्षी त्याने दुसऱ्या विभागात उतरलेल्या लोरियाँला आणि मग त्याच विभागातल्या गँगाँला बाहेर काढलं आणि उपांत्य फेरी गाठली. २ एप्रिल २०२५ ला पहिल्या विभागातल्या रँसने त्याला २-१ असं थांबवलं. सामना कानच्या घरच्या मैदानावर होता. एकेकाळी कॅलेकडून हरलेला पंचवीस वर्षांनी कॅलेच्याच जागी उभा राहिला, त्याच कलमांच्या आधाराने. माणसं बदलली, क्लबाचं नशीब पालटलं, एक गाव वर गेलं, एक मिटलं. बदललं नाही ते फक्त नियमातलं एक वाक्य: दोन पायऱ्या खालचा असेल, तर यजमान तो.